दोरा आणि दुधाची गाडी

तात्या, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायला वस्तीत माझ्याहून मोठी, तुमच्याबरोबर उभा जन्म काढलेली माणसं आहेत. तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांतले बरेच जण बोलले. कुणी म्हणालं, वस्तीतली सगळी लग्नं तात्यांनी लावली. कुणी म्हणालं, पोरं शाळेत गेली ती तात्यांच्या धाकानं. मग माइक माझ्याकडे आला, कारण मी तुमचा पुतण्या आणि घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. "बोल की सिद्धू, चार शब्द," म्हणून मागून कुणीतरी ढोसलं. मी उठलो, माइक हातात घेतला आणि "मला बोलता येणार नाही" म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, पोराला रडू आलं. रडू आलं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं.

ते लिहिण्यासारखं तरी आहे का, माहीत नाही. तुमच्याबद्दल शंका घेण्याचा मला काय अधिकार? वाचायला तुम्ही शिकवलं. कॉलेजच्या प्रवेशाला परभणीत माझ्याबरोबर खिडकीपुढं तुम्ही उभे राहिलात, बाबा तेव्हाही कोयता घेऊन कारखान्याकडंच होते. तरीही ही शंका माझ्याजवळ इतकी वर्षं राहिली की तुमच्या जाण्यानं ती जाईल असं वाटलं होतं, आणि ती गेली नाही. उलट आता तिला उत्तर देणारंच कुणी राहिलं नाही.

मला तुम्हाला एकच विचारायचं होतं. त्या सकाळी दुधाच्या गाडीचा भोंगा तुम्ही ऐकला होता का?

तुम्हाला ती सकाळ सांगायची गरज नाही, पण मी माझ्या बाजूनं सांगतो. थंडीचे दिवस होते, बाबा ऊसतोडीला गेलेले. माझी धाकटी बहीण मित्रा अजून शाळेतही जात नव्हती. तिचा ताप उतरत नव्हता. उजेड डोळ्यावर आला की ओरडायची, मान हलवू द्यायची नाही. उपकेंद्राला कुलूप होतं आणि सिस्टर कधी येणार ते कुणाला माहीत नव्हतं. आदल्या संध्याकाळी माय गफूरभाईंकडे गेली होती. ते रोज सकाळी वस्तीच्या तोंडाशी यायचे, कॅन भरायचे आणि बोरीला, जिथं दवाखाना होता तिथं, निघायचे. ते मायला म्हणाले होते, "पोरीला पांघरून तयार ठेवा भाभी. मी भोंगा देतो. लई थांबता येत न्हाई, दूध नासतं."

म्हणजे गाडी ठरली होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर वस्तीत सगळे म्हणायचे की तेव्हा गाड्या कुठं होत्या. होती. एक होती.

सकाळी तुम्ही आलात ते पाण्याचा कलश, पिंपळाची पानं आणि पांढऱ्या सुताची गुंडी घेऊनच. निघायच्या आधी रक्षणासाठीचा परित्राण पाठ घ्यायचा, लेकराच्या हाताला दोरा बांधायचा आणि मग गाडीत बसवायचं, असं तुमचं ठरलं होतं. वेळ पुरेसा होता. पण मित्राला मांडीवर घेताना तिची बाही वर सरकली आणि मनगटावरचा काळा दोरा तुम्हाला दिसला.

"हे काय हाय?"

मायनं बाही खाली ओढली.

"मी इचारायलोय, हे कुणी बांधलं?"

"मरीमायपुढं गेलते," माय म्हणाली. "लेकरू तळमळायलंय भावजी, मला काय सुचंना."

"मरीमायपुढं! आपल्या बापजाद्यांनी ते देव टोपल्यात घालून नदीत सोडले, आन तू पुन्हा तिच्या पुढं जाऊन बसलीस? तोड आधी ते."

"तोडू नका. उगं आपलं असू द्या. दोन्ही असू द्या."

"दोन्ही न्हाई चालत."

तुम्ही कात्री मागितली. मायनं दिली नाही. तिनं मित्राचा हात आपल्या पदरात झाकून घेतला आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. शेजारची सखूबाई म्हणाली, "तात्या, पोरगी न्हेऊन आणा आधी, भांडणं मागून करा." तुम्ही तिला गप्प बसवलंत. तुमचा आवाज चढला, मायचाही चढला. मी पहिल्यांदाच तिला तुमच्यासमोर उलट बोलताना ऐकलं. शेवटी तीच दमली. तुम्ही दातांनी तो काळा दोरा तोडलात आणि चुलीत टाकलात. मग सगळ्यांना बसवलंत. कलशातून निघालेला पांढरा दोरा एकेकाच्या हातातून फिरत शेवटी मित्राच्या मुठीत दिलात. भिंतीवरच्या दोन तसबिरींकडे पाहून हात जोडलेत आणि त्रिशरणाला सुरुवात केलीत.

पाठ संपेपर्यंत दोरा सोडायचा नाही आणि जागेवरून उठायचं नाही, हे आम्हा पोरांनाही पाठ होतं. एकाचा हात सुटला तर सगळ्यांचा सुटल्यासारखं असतं, असं तुम्हीच सांगितलं होतं.

आणि मग भोंगा वाजला.

मला तो स्पष्ट ऐकू आला. मायलाही आला, कारण तिच्या हातातला दोरा ताणला गेला आणि तो ताण माझ्या बोटांना लागला. ती तुमच्याकडे पाहत होती. मीही पाहिलं. तुमचे डोळे मिटलेले होते. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांब. तुमच्या आवाजात काही बदल झाला नाही. किंवा झाला. इथंच माझं अडतं. मला असं आठवतं की तुमचा आवाज थोडा मोठा झाला. पण हे मला खरंच आठवतं की नंतर संशयानं मी तसं जोडून घेतलं, हे मला आज सांगता येत नाही.

गाडी गेली. पाठ पूर्ण झाला. तुम्ही डोळे उघडलेत, मित्राच्या मनगटाला दोरा बांधलात, तिला पाणी पाजलंत आणि म्हणालात, "गफूर आला न्हाई का अजून?"

 माय मित्राला उचलून पळत रस्त्यावर गेली. उन्हं चढल्यावर एक मोटारसायकल मिळाली. बोरीहून परभणीला पाठवलं. मित्रा वाचली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, हेच मोठं आहे." ती शुद्धीवर आली तेव्हा माय तिला हाका मारत होती आणि ती खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे पाहत होती. आधी वाटलं, पोरगी रुसली.

"गफूर आला न्हाई का अजून?" हे तुमचं वाक्य मी किती वेळा उलटून पाहिलं असेन. खरंच ऐकलं नसेल तर ते साधं वाक्य आहे. ऐकलं असेल तर ते फार वाईट वाक्य आहे. दोन्ही वेळा शब्द तेच राहतात.

घरात प्रत्येकाचा संशय वेगळा होता, हे मला मोठं झाल्यावर कळलं. मायचा संशय गाडीवर नव्हताच. एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "दोरा तोडला म्हून झालं बग. मरीमायनं लेकरू दिलं मला, पर कान ठिवून घेतले." मी चिडलो. "माय, आजारानं कान गेले. उशीर झाला म्हणून गेले." ती म्हणाली, "तू शिकल्याला हाईस. मी काय म्हनू?" आणि पुढं म्हणाली, "तात्यांना मातर यातलं काय बोलू नको. त्यांनी बी लय सोसलंय." त्यांनी काय सोसलं, ते तिनं सांगितलं नाही.

मी तुमच्यावर नजर ठेवू लागलो, तात्या. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मित्राला परभणीच्या मूकबधिरांच्या शाळेत घालायचं तुम्हीच ठरवलंत. बाबा म्हणत होते, पोरीची जात, एवढ्या लांब कशाला. तुम्ही म्हणालात, "तुझी पोरगी न्हाई ती, वस्तीची हाय." दर सोमवारी तिला यष्टीनं तुम्ही सोडायला जायचे. खिडकीची जागा तिची. तिच्या हातांची भाषा वस्तीत सगळ्यांच्या आधी तुम्हाला आली. पारावर म्हातारे हसायचे, "तात्या माशा हाकलायलेत का काय?" तुम्ही त्यांनाच दोन-चार खुणा शिकवून मोकळे व्हायचे. आणि मी लांबून पाहत विचार करायचो, हे प्रेम आहे का भरपाई?

तुमच्यासाठी मित्रानं केलेली खूण तुम्हाला फार आवडायची. मायची खूण म्हणजे कपाळावर बोट. माझी खूण म्हणजे नाकाला चिकटवलेलं पुस्तक. तुमची खूण, उजव्या हाताच्या दोन बोटांत दोरा धरल्यासारखं करून तो डाव्या मनगटाभोवती फिरवायचा. ती ताप भरलेली, डोळे न उघडणारी पोर, तिला नेमकं तेच कसं लक्षात राहिलं? तुम्ही ती खूण पाहून हसायचे. मला मात्र तुमच्या हसण्यात काहीतरी शोधावंसं वाटायचं.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली होती. त्या थंडीनंतर तुम्ही आजारी लेकराच्या घरी पाठाला बसायची रीत बदललीत. कुणी बोलवायला आलं की आधी विचारायचे, "गाडी सांगितली का?" नसली तर स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. सखूबाईच्या नातवाला हगवण लागली तेव्हा तुम्ही जीपमध्ये बसून पाठ म्हणत गेलात. दोरा ड्रायव्हरच्या गिअरमध्ये अडकला आणि तो ओरडला, "तात्या, तुमचा दोरा आवरा, न्हाईतर समदेच जाऊ वर!" ही गोष्ट वस्तीत अजून हसून सांगतात. मीही हसतो. पण मनात येतंच. ज्या माणसाला काही ऐकूच आलं नव्हतं, त्यानं आपली रीत कशाला बदलावी?

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला लागलो तेव्हा मला वाटलं, आता मला तुमच्याशी बोलायची भाषा मिळाली. पहिल्या सुट्टीला आलो तो वादाची तयारी करूनच. तुम्ही दारात शेंगा फोडत बसला होता.

"तात्या, दोऱ्यानं जंतू मरतात का?"

"न्हाई मरत."

मी गडबडलो. एवढ्या लवकर तुम्ही मान्य कराल असं वाटलं नव्हतं. "मग बांधता कशाला?"

"जंतूसाठी बांधत न्हाई. बसलेल्या माणसांसाठी बांधतो. घरात लेकरू तापानं फणफणायलंय, दवाखाना लांब, हातात काय हाय माणसाच्या? एवढा दोरा तरी धरावा. मी एकटा न्हाई, एवढं तरी कळतं."

"मग मरीमायच्या काळ्या दोऱ्यात आणि आपल्यात रंगाचाच फरक."

तुम्ही शेंगा फोडायचं थांबवलंत. मला वाटलं, आता रागावणार. "तिथं भीती हाय, सिद्धू. देवी कोपली, तिला हे द्या, तिला ते द्या. आपण भीतीतून बाहेर निघालो. म्हून मी तेवढं धरून बसतो."

"मायला त्या दिवशी भीती नव्हती का? पांढरा दोरा हातात होता तेव्हा?"

 तुम्ही शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलंत. "खा. वसतिगृहात काय खायला घालतात तुला, गाल बसले." वाद तिथंच राहिला. मी शेंगा खाल्ल्या. पुढं अनेकदा वाटलं, ते उत्तर टाळणं होतं. कधी वाटतं, तेच उत्तर होतं.

परभणीत एका डॉक्टर मॅडमचं आमच्या कॉलेजात व्याख्यान झालं. संपल्यावर मी भीत भीत त्यांच्याजवळ गेलो आणि मित्राचं सगळं सांगितलं. ताप, मान, उजेड, गाडी. दोऱ्याचं सांगितलं नाही. विचारलं, सकाळी नेलं असतं तर कान वाचले असते का? त्या म्हणाल्या, "लवकर आणणं कधीही चांगलं. पण अशा आजारात वेळेत आलेल्या मुलांचेही कान जातात. इतक्या वर्षांनी एका सकाळचा फरक मला सांगता येणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस."

तात्या, मी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालत वसतिगृहावर आलो आणि मला तुमचाच राग आला. म्हणजे माझा संशय विज्ञानानंही फिटणार नव्हता. तुम्हाला दोषी धरायची सोय नाही, सोडून द्यायचीही नाही. उरलं एवढंच की तुम्ही ऐकलं होतं का. कानांचं काय व्हायचं ते झालंच असतं, असं धरलं तरी ते माझ्यासाठी उरत होतं. लेकराच्या जिवापेक्षा तुम्हाला पाठ पुरा करणं मोठं वाटलं का, मायपुढं जिंकलेलं भांडण मोठं वाटलं का, हे मला कळायला हवं होतं. कारण माझ्यात जे काही बरं आहे ते तुमच्याकडून आलंय, आणि ते कुठून आलं ते माहीत असलेलं बरं.

शेवटच्या भेटीत विचारायचंच, असं ठरवून आलो होतो. ती शेवटची भेट आहे हे मात्र ठरवलेलं नव्हतं. तुम्ही उन्हात बाजेवर पडला होता. दम लागत होता, पाय सुजले होते. तुमच्या उशाशी गोळ्यांची पिशवी होती आणि कलश नव्हता. मी विचारलं, "तुमच्यासाठी पाठ कुणी म्हणलं का?" तुम्ही म्हणालात, "म्हणतेत. मी म्हणलं, आधी गोळ्या आणा, मग म्हणा." आणि हसताना तुम्हाला खोकला आला.

मी बाजेच्या कडेला बसलो. तुम्ही म्हणालात, "काय इचारायचंय ते इचार. आल्यापासून तोंड वाकडं करून बसलायस."

"काही नाही, तात्या."

"इचार की. मी काय परीक्षा घेणार हाय का तुझी?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मित्रा चहा घेऊन आली. तिनं तुम्हाला उठवून बसवलं, पाठीशी वाकळ लावली, कप तुमच्या हातात नीट धरवला. सुट्टीला घरी असायची तेव्हा तुमचं सगळं तीच करायची. तिच्यासमोर बोललं तरी तिला ऐकू येणार नव्हतं. पण ती ओठांकडे पाहते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. 

तुम्ही बशीतला चहा फुंकलात, प्यायलात आणि रस्त्याकडे पाहत म्हणालात, "दुधाची गाडी आता कुठून जाती रे?"

 "आता नव्या पुलावरून जाते, तात्या. वस्तीवरून येत नाही."

"तरीच," तुम्ही म्हणालात. "भोंगा ऐकू येईना झालाय."

बस, एवढंच. तुम्ही बशी मित्राला दिलीत आणि डोळे मिटलेत, अगदी तसेच. मी वाट पाहत बसलो. तुम्हाला झोप लागली होती, किंवा नव्हती. तुम्ही मला काही सांगितलंत का, तात्या? की एक म्हातारा माणूस रोजचा आवाज बंद झाला म्हणून सहज बोलला? मी ते वाक्य परभणीपर्यंत यष्टीत घेऊन आलो. पुढच्या सुट्टीला विचारू म्हणालो. इतकी वर्षं नाही विचारलं, आता एका सुट्टीनं काय होणार होतं.

एक गोष्ट मात्र तुमची मान्य करतो. आमच्या वसतिगृहात एका पोराला मध्यंतरी फार ताप भरला. आधी आम्ही रिक्षा बोलावली. रिक्षा येईपर्यंत तो थरथर कापत होता आणि आमच्यापैकी कुणाला काय करावं ते कळत नव्हतं. मी त्याचा हात धरून बसलो आणि माझ्या तोंडातून तुमच्याच चालीत, तुमच्याच आवाजात त्रिशरण येत होतं. मला त्यावर विश्वास नाही. तरी मी थांबलो नाही. रिक्षाचा भोंगा वाजला तसा वाक्याच्या मध्येच सोडून उठलो. त्या क्षणी तुमची इतकी आठवण आली, आणि इतका राग आला, की दोन्ही वेगळं करता येईना.

तुम्ही गेलात त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. मोबाइल बाहेर पिशवीत. निघालो तर बाबांचे, मायचे, चुलतभावाचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. मी बाबांना लावला, उचलला नाही. मायला लावला, कुणीतरी उचलला आणि नुसता आरडाओरडा ऐकू आला, एक शब्द कळेना, आणि तो कटला. मी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर उभा होतो. मनात आलं, माय असेल का, बाबा असतील का. तुमचं नाव मनात आलं नाही, हेही सांगतो. तुम्ही बाजेवर आहात, हे मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात मायच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. समोर मित्रा होती. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला होता, कारण तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिच्या मागं अंगण होतं, माणसं गोळा होत होती, बाया रडत होत्या. रस्त्यावर कुठलीतरी गाडी आली होती आणि एकसारखा भोंगा देत होती. ते सगळं मला ऐकू येत होतं. तिला नाही.

मी हातानं विचारलं, कोण?

तिनं उजव्या हाताची दोन बोटं जुळवली आणि डाव्या मनगटाभोवती फिरवली. मग तो हात तसाच माझ्यासमोर धरून ठेवला, दोरा धरलेला. मला कळलं होतं, तरी मी पुन्हा विचारलं. ती माझ्या ओठांकडे पाहत होती.

तिनं बोटं उघडली.